विमान नावाचा रकाना

खराडीत नवव्या मजल्यावर मी दिवसभर
दुचाकीच्या कर्जाचे हप्ते कोण चुकवील
याचा अंदाज बांधते.
पगार, पिनकोड, वय, नोकरीतला खंड,
सगळं सूत्रात घालायचं,
बाहेर येतो शून्य ते एकमधला एक आकडा
आणि माणूस हिरवा, पिवळा किंवा लाल होतो.
शेजारचा तांबोळी म्हणतो, आपण ज्योतिषीच गं,
फक्त आपल्याला एसी आहे.

रात्री कोथरूडला येऊन पुन्हा तेच सॉफ्टवेअर उघडते.
चहा वेगळा, आणि 'कधीपर्यंत होईल' विचारायला कोणी नाही.
असंच मोजून झालंय
आमची लिफ्ट कोणत्या मजल्यावर जास्त रुसते,
आणि साबुदाण्याची खिचडी नि आईचा मूड
यांचा परस्परसंबंध.
उणे आला. पण नमुना लहान होता.

मग माळ्यावर बाबांची वही सापडली,
एका बुडालेल्या सहकारी बँकेची डायरी.
बजाज सुपरची अकरा वर्षं, सहाशे बारा ओळी:
तारीख, किलोमीटर, लिटर, शेरा.
प्लग साफ केला. क्लच वायर.
वैजू पुढे उभी राहू लागली.

भरायला तीन शनिवार गेले.
बाबांचा १ आणि ९ म्हणजे जुळे भाऊ;
९ वाचला तर स्कूटर आठवड्यात आठशे किलोमीटर पळते,
१ वाचला तर मुकाट पिरंगुटच्या कारखान्यात जाऊन येते.

आलेख काढला.
ठिपके चव्वेचाळीसच्या आसपास,
कट्ट्यावर बसलेल्या पेन्शनरांसारखे.
फक्त सत्त्याण्णवच्या जूनमध्ये सगळे एकदम उठले
आणि बावन्नवर जाऊन बसले.
टायर नवे? नाही. कार्ब्युरेटर? नाही.
शेऱ्याचा रकाना कोरा.
ऑफिसात असते तर नोंदीतली चूक म्हणून
काढून टाकले असते.

बाबा कोथिंबीर निवडत होते.
"तेव्हा अर्धा पगार होता," म्हणाले,
आज गार आहे म्हणावं तसं.
"चांदणी चौकापासून उतार. इंजिन बंद करायचो.
मागून कोणी हॉर्न मारला नाही
तर पार पौड फाट्यापर्यंत यायची."

चांदणी चौक!
भूगावच्या मावशीकडून परतताना मी पुढे उभी,
खट् आवाज व्हायचा, बाबा म्हणायचे, वैजू, विमान,
आणि सगळं जग गप्प.
नुसता वारा, आईच्या पदराची फडफड,
आणि खालून वर येणारे कोथरूडचे दिवे.
मी हात पसरायचे.
मला वाटायचं सगळ्यांच्याच स्कूटरला विमान असतं.

"म्हणजे ते पेट्रोल वाचवायला होतं?"
बाबांनी एक पिवळी काडी बाजूला टाकली.
"पेट्रोलच. दुसरं काय?
पण मार्चात पगार पूर्ण झाला.
तुझे ठिपके कधी खाली आले ते बघ."

उठून बघितलं.
मार्च, बावन्न. एप्रिल, एक्कावन्न. मे, बावन्न.
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चव्वेचाळीस.
वहीत, वर्षभरानंतरचा पहिला शेरा:
वैजूची उंची वाढली, समोरचं दिसत नाही. आता मागे बसते.

त्या रात्री मी एक रकाना वाढवला,
नाव दिलं विमान. शून्य किंवा एक.
सूत्राला आधी एकोणीस टक्के कळत होतं,
आता त्रेसष्ट कळतं.
उरलेलं क्लच वायरचं असेल.

सोमवारी खराडीत पहिलाच अर्ज:
पिनकोड चार अकरा शून्य अडतीस,
नऊ महिने अर्धा पगार, एक मूल.
स्क्रीन लाल. शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.
तांबोळी म्हणाला, काय अडलं?
मी रकाने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचत होते,
घर उताराला आहे का,
हे कुठे विचारलंय ते शोधत.